माउसची ‘समान’ संवेदनशीलता : एका मापनप्रश्नाचे विवेचन

गतवर्षी आमच्या विभागात शब्दग्रहणासंबंधीचा एक लहानसा प्रयोग हाती घेण्यात आला होता. श्रोत्याच्या कानी एक शब्द पडावा, समोरच्या पडद्यावर दोन चित्रे दिसावीत, आणि त्यांतील योग्य चित्राकडे त्याने माउसच्या साहाय्याने कर्सर न्यावा, असे त्याचे स्वरूप होते. कर्सर कोणत्या वाटेने गेला, वाटेत तो दुसऱ्या चित्राकडे किती झुकला, यावरून शब्द ओळखण्याच्या प्रक्रियेविषयी काही अनुमान करता येते. स्पिव्ही, ग्रोजाँ आणि नोब्लिख यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात हीच पद्धत योजिली होती. ‘कॅन्डल’ हा शब्द ऐकणाऱ्याच्या समोर ‘कॅन्डी’चेही चित्र असेल, तर कर्सरची वाट त्या चित्राच्या बाजूस वाकते, असे त्यांस आढळले. आमची सामग्री दोन संगणकांवर गोळा झाली, आणि विश्लेषणास बसल्यावर असे दिसून आले की, दोन संगणकांवरील वक्र एकमेकांशी मुळीच जुळत नाहीत. दोष आमचाच होता. दोन्ही संगणकांवर माउसच्या वेगाची पट्टी आम्ही एकाच खुणेवर ठेविली होती, आणि तेवढ्यावरून दोन्ही वेग समान आहेत असे गृहीत धरले होते. एम. ए. च्या वर्गातील एका विद्यार्थिनीने तेव्हा म्हटले, “सर, आकडा सारखा असला म्हणजे वेग सारखा असतोच असे नाही. नेमबाजीचे खेळ खेळणाऱ्या कोणालाही विचारा.”

तिचे म्हणणे खरे होते. या खेळाडूंनी हा प्रश्न आमच्यापेक्षा कितीतरी अधिक काटेकोरपणे सोडविलेला आहे. त्यांची रीत समजून घेणे, आणि तीत ‘समान’ या शब्दाचा अर्थ नेमका काय होतो हे पाहणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

ज्या खेळांचा तिने उल्लेख केला, त्यांस ‘फर्स्ट-पर्सन शूटर’ म्हणतात. मराठीत आपण त्यांस प्रथमपुरुषी नेमबाजीचे खेळ म्हणू. यांत खेळाडूस आपले पात्र बाहेरून दिसत नाही. त्या पात्राच्या डोळ्यांनी तो भोवतालचे जग पाहतो. माउस डावीउजवीकडे सरकविला की ही दृष्टी वळते, आणि पडद्याच्या मध्यावर असलेली नेमाची खूण लक्ष्यावर आणता येते. येथे व्याकरणाच्या अभ्यासकाने क्षणभर थांबावयास हवे. मराठी व्याकरणात प्रथमपुरुष म्हणजे ‘मी’; पाणिनीय परंपरेत मात्र प्रथमपुरुष म्हणजे ‘तो’, आणि ‘मी’साठी उत्तमपुरुष ही संज्ञा आहे. शब्द एकच, परंतु तो ज्या व्यवस्थेत उभा आहे, त्या व्यवस्थेनुसार त्याचे मूल्य बदलते. संवेदनशीलतेच्या आकड्याचीही नेमकी हीच गत आहे.

माउस स्वतः अंतर सांगत नाही. पृष्ठभागावरून सरकताना तो सूक्ष्म पायऱ्या मोजतो आणि त्यांची संख्या संगणकास कळवितो. या पायरीस ‘काउंट’ म्हणतात. एक इंच सरकल्यास किती काउंट पडावेत, ही त्या माउसची मांडणी होय. खेळाडू तिला ‘डीपीआय’ म्हणतात. ८०० डीपीआयवर ठेवलेला माउस एका इंचास सुमारे ८०० काउंट देतो. सुमारे म्हणण्याचे कारण असे की, छापील आकडा आणि प्रत्यक्ष मोजणी यांत थोडा फरक असू शकतो. काटेकोर काम करावयाचे तर पट्टी लावून पाहणेच इष्ट.

या काउंटचे पुढे काय करावयाचे, हे खेळाच्या आज्ञावलीत ठरलेले असते. प्रत्येक खेळात एक स्थिर गुणक असतो : संवेदनशीलता १ असता एका काउंटमागे दृष्टी किती अंश वळावी, हे तो सांगतो. काउंटर-स्ट्राइकमध्ये हा गुणक ०.०२२ अंश आहे, व्हॅलोरंटमध्ये ०.०७ अंश, आणि ओव्हरवॉचमध्ये ०.००६६ अंश. यांपैकी पहिल्या आकड्यास एक वंशावळ आहे. १९९६ सालच्या क्वेक या खेळात तो प्रथम दिसतो. त्या खेळाच्या यंत्रणेपासून १९९८ सालच्या हाफ-लाइफची यंत्रणा निघाली, हाफ-लाइफच्या अंगावर काउंटर-स्ट्राइक वाढला, आणि त्याच घराण्यातील यंत्रणेवर उभारलेल्या २०१९ सालच्या एपेक्स लेजेंड्समध्येही तोच आकडा टिकून आहे. एखादे प्राचीन रूप भाषाकुलाच्या अनेक शाखांत अविकृत राहावे, तसा हा प्रकार आहे. व्हॅलोरंट आणि ओव्हरवॉच ही निराळी कुळे; त्यांचे गुणकही निराळे.

आता एक उदाहरण घेऊ. माउस ८०० डीपीआयवर आहे आणि काउंटर-स्ट्राइकमध्ये संवेदनशीलता २ आहे. एका काउंटमागे दृष्टी २ × ०.०२२ म्हणजे ०.०४४ अंश वळते. पूर्ण प्रदक्षिणेस, म्हणजे ३६० अंशांस, सुमारे ८,१८२ काउंट लागतात. त्यांचे झाले १०.२३ इंच, म्हणजे सुमारे २६ सेंटिमीटर. हाच २ हा आकडा व्हॅलोरंटमध्ये लिहिला, तर पूर्ण प्रदक्षिणा अवघ्या ८.२ सेंटिमीटरांत होते. ओव्हरवॉचमध्ये लिहिला, तर तीस ८६.६ सेंटिमीटर लागतात. तिन्ही ठिकाणी ‘दोन’च, पण एके ठिकाणी मनगटाच्या हिसक्यासरशी पात्र गरकन फिरते, आणि दुसऱ्या ठिकाणी मेजाची कड येते तरी ते पुरते वळत नाही.

यावरचा पहिला उपाय सरळ आहे. दोन्ही खेळांत एका काउंटमागचा कोन समान ठेवावा. ०.०४४ भागिले ०.०७ केले की व्हॅलोरंटसाठी ०.६२९ मिळतात, ०.०४४ भागिले ०.००६६ केले की ओव्हरवॉचसाठी ६.६७ मिळतात. आता तिन्ही खेळांत २६ सेंटिमीटरांस एक प्रदक्षिणा पडेल. माउसच बदलून १६०० डीपीआयचा घेतला, तर प्रत्येक आकडा निम्मा करावा, म्हणजे हाताचा हिशोब पूर्ववत राहतो. बहुतेक खेळाडू येथेच थांबतात, आणि जुळणी झाली असे समजतात.

परंतु येथे जुळला तो हात. डोळा अद्याप जुळलेला नाही. याचे कारण दृष्टिक्षेत्र. खेळातील जगाचा किती अंशांचा तुकडा पडद्यावर दाखवावयाचा, हेही प्रत्येक खेळात ठरलेले असते. १६ : ९ या प्रमाणाच्या पडद्यावर काउंटर-स्ट्राइक आडवे सुमारे १०६.३ अंश दाखवितो, तर व्हॅलोरंट १०३ अंश. पडदा तोच असल्यामुळे ज्या खेळात कमी अंश दाखविले जातात, त्यात प्रत्येक अंशाच्या वाट्यास अधिक जागा येते. शिवाय ही वाटणी सर्वत्र सारखी नसते. खिडकीच्या काचेवर बाहेरचे दृश्य जसेच्या तसे रेखाटावयाचे ठरविले, तर डोळ्यासमोरच्या वस्तू आटोपशीर येतात आणि कडेच्या वस्तू ताणल्या जातात. कारण काचेवरील अंतर कोनाच्या प्रमाणात नव्हे, तर कोनाच्या ‘टॅन’च्या प्रमाणात वाढते. खेळातील चित्रही याच नियमाने पडद्यावर उतरते.

१९२० बिंदू रुंदीच्या पडद्यावर हिशोब केल्यास असे दिसते की, मध्याजवळ एक अंश वळले असता काउंटर-स्ट्राइकमधील चित्र सुमारे १२.६ बिंदू सरकते, आणि व्हॅलोरंटमधील १३.३ बिंदू. म्हणजे हाताचे अंतर आणि वळणाचा कोन अगदी समान ठेवूनही दुसऱ्या खेळातील चित्र डोळ्यास सहा टक्क्यांनी अधिक वेगवान भासणार. मध्याजवळची ही गती समान हवी असेल, तर व्हॅलोरंटमध्ये ०.६२९ ऐवजी ०.५९३ लिहावे लागेल. मग प्रदक्षिणेचे अंतर २६ वरून २७.५ सेंटिमीटर होईल. आणि पडद्याच्या कडेवर दिसणारे लक्ष्य मध्यावर आणण्यास दोन्ही खेळांत हात सारखाच सरकावा अशी अपेक्षा असेल, तर आकडा ०.६०९ येतो.

याप्रमाणे एका प्रश्नास तीन उत्तरे मिळाली : ०.६२९, ०.६०९ आणि ०.५९३. गणिताच्या दृष्टीने तिन्ही निर्दोष आहेत. मात्र प्रत्येकाने निराळी गोष्ट समान राखलेली आहे. पहिल्याने वळणाचा कोन राखला, दुसऱ्याने कडेपर्यंतची पोहोच, आणि तिसऱ्याने मध्याजवळची दृश्य गती. दृष्टिक्षेत्रे भिन्न आहेत तोवर या तिन्ही गोष्टी एकाच वेळी समान राखणे अशक्य आहे. अधिक चांगले सूत्र शोधून ही अडचण दूर होणारी नाही. ती टॅन या फलनाच्या स्वभावातच आहे. एका पद्याचा अनुवाद करताना अर्थ, वृत्त आणि यमक यांपैकी काय राखावयाचे हे अनुवादकास आधी ठरवावे लागते. तसाच हा प्रसंग होय.

हा भेद सहा टक्क्यांचा असतो तेव्हा तो दुर्लक्षिता येतो. परंतु रायफलीच्या दुर्बिणीतून पाहताना तो एकदम मोठा होतो. काउंटर-स्ट्राइकमधील एडब्ल्यूपी या रायफलीची दुर्बीण पहिल्या टप्प्यात दृष्टिक्षेत्र ९० वरून ४० अंशांवर आणते. हे दोन्ही आकडे ४ : ३ या प्रमाणाच्या पडद्यास अनुसरून दिलेले असतात. दुर्बिणीच्या संवेदनशीलतेचा गुणक १ असता खेळ माउसचा वेग याच प्रमाणात, म्हणजे ०.४४४ पटीने, कमी करतो. वरवर पाहता हे न्याय्य वाटते. परंतु चित्र कोनाच्या प्रमाणात मोठे झालेले नसते, टॅनच्या प्रमाणात झालेले असते. आणि २० अंशांचा टॅन भागिले ४५ अंशांचा टॅन हे प्रमाण ०.३६४ येते. परिणामी दुर्बिणीतून पाहताना मध्याजवळचे चित्र उघड्या डोळ्यांपेक्षा सुमारे २२ टक्क्यांनी अधिक वेगाने सरकते. अनेक अनुभवी खेळाडू त्या गुणकाच्या जागी ०.८१९ लिहितात, त्याचे कारण हेच, ०.३६४ भागिले ०.४४४ केले की हा आकडा मिळतो. अनेकांनी तो केवळ ऐकून उतरविलेला असतो. रूपे बिनचूक वापरणाऱ्या भाषकास त्यांमागील नियम सांगता येतोच असे नाही, हे आपणांस परिचित आहे.

मग निवड कशी करावी? पाठीमागे वळून पाहणे, कोपऱ्यावर झटकन फिरणे, अशा मोठ्या हालचाली ज्याच्या हातात भिनलेल्या आहेत, त्याने कोन समान राखावा. लक्ष्य मध्याजवळ आल्यावरच्या बारीक दुरुस्त्यांवर ज्याची भिस्त आहे, त्याने दृश्य गती राखावी. दुर्बिणीसाठी तर हीच रीत अधिक सयुक्तिक होय. अमुक एक संवेदनशीलता मुळातच श्रेष्ठ, असे मात्र मानण्याचे कारण नाही. पॉल फिट्स यांनी १९५४ साली मांडलेल्या नियमानुसार लक्ष्य गाठण्याची अवघडता लक्ष्याचे अंतर आणि त्याची रुंदी यांच्या प्रमाणावर अवलंबून असते. संवेदनशीलता बदलली की हाताच्या मापाने ही दोन्ही एकाच पटीत बदलतात, आणि प्रमाण तेच राहते. एका टोकास हाताच्या सूक्ष्म कंपाची आणि दुसऱ्या टोकास माउसपॅडच्या लांबीची मर्यादा पडते. त्या दोहोंमध्ये सवयीचे सातत्य हेच अधिक महत्त्वाचे.

आता आमच्या प्रयोगाकडे वळू. तेथे दृष्टिक्षेत्राचा प्रश्न नव्हता, कारण पडदा सपाट होता आणि चित्रे स्थिर होती. परंतु एक माउस ८०० डीपीआयचा आणि दुसरा १६०० चा होता. शिवाय एका संगणकावर विंडोजमधील ‘एनहान्स पॉइंटर प्रिसिजन’ ही सोय चालू राहिली होती. या सोयीमुळे हात जितका जलद सरकतो, तितका प्रत्येक काउंटमागे कर्सर अधिक लांब जातो. म्हणजे वेगाचा एकच एक गुणक उरतच नाही. बहुतेक आधुनिक नेमबाजीचे खेळ माउसची मूळ मोजणी थेट घेऊन ही सोय टाळतात. आम्ही ती टाळली नाही. कर्सरच्या वाटेचा वाक किती शब्दामुळे आणि किती या सोयीमुळे, हे मागाहून वेगळे करण्याचा मार्ग नव्हता. त्या संगणकावरील सर्व सामग्री आम्हांस बाजूस ठेवावी लागली. ज्यांनी दुपारच्या दुपार बसून ती दिली, त्यांचे श्रम त्याबरोबर वाया गेले.

यंदा प्रयोगाच्या नोंदवहीत पाच रकाने वाढविले आहेत : माउसचा प्रत्यक्ष मोजलेला डीपीआय, विंडोजच्या पट्टीवरील वेग, वेगवर्धनाची सोय चालू की बंद, पडद्याची रुंदी सेंटिमीटरांत, आणि तीच बिंदूंत. सहावा रकाना त्या विद्यार्थिनीने सुचविला, आणि तो सर्वांत आधी भरावयाचा आहे. दोन मांडण्या समान आहेत असे म्हणताना त्या कशाच्या दृष्टीने समान आहेत, हे त्यात एका वाक्यात लिहावे लागते. हा रकाना रिकामा असेल, तर प्रयोगास आरंभ करावयाचा नाही, असा नियम आम्ही केला आहे.