विमानाच्या पोटातली रायफल

भंडाऱ्याहून नागपूरकडे निघालं की महामार्गालगत जवाहरनगर लागतं. गाव म्हणण्यापेक्षा वसाहतच ती, आणि वसाहतीचं कारण एकच: १९६४ साली उभी राहिलेली आयुधनिर्माणी. इथे बंदुका बनत नाहीत. बंदुकीच्या आणि तोफेच्या पोटात जे जळतं ते इथे बनतं. कागदोपत्री त्याला प्रोपेलंट म्हणतात, बोलताना 'दारू'. २४ जानेवारी २०२५ ला याच निर्माणीत स्फोट झाला आणि किमान ८ जणांचा जीव गेला. त्यामुळे या दारूच्या करामतींचं कौतुक करायचं तर जपूनच करायला हवं.

पण करामत आहे खरी. या दारूचा पाया नायट्रोसेल्युलोज, म्हणजे कापसावर किंवा लाकडाच्या लगद्यावर नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लांची प्रक्रिया करून मिळणारा पदार्थ. १८४५-४६ च्या सुमारास बाझलच्या शोनबाइन या रसायनशास्त्रज्ञाला तो सापडला, आणि १८८४ मध्ये पॉल व्हिएय या फ्रेंच माणसाने त्याला बंदुकीत वापरण्याइतकं शिस्तीत आणलं. गंमत अशी, की या दारूची चिमूटभर भुकटी उघड्यावर पेटवली तर धडाका होत नाही. फस्सकन पिवळी ज्वाळा उठते आणि संपते. तीच चिमूट पितळी नळीत कोंडा, पुढे शिशाची गोळी बसवा, मागून पोलादी बोल्टचा टेकू द्या, की दाब हवेच्या दाबाच्या हजारो पटींपर्यंत चढतो. कारण ही दारू थराथराने जळते आणि दाब जितका वाढेल तितकी जळण्याची गती वाढते. जळण्याने दाब वाढतो, दाबाने जळणं वाढतं. या चक्राला आवर घालण्यासाठी तोफेच्या दारूच्या दाण्यांना आरपार बारीक भोकं पाडतात, कुठे एक, कुठे सात. दाणा बाहेरून झिजत जातो तसा भोकांतून आतला पृष्ठभाग रुंदावत जातो, आणि वायू हवा तेव्हा हवा तेवढाच निघतो. तांदळापेक्षा जरा मोठ्या दाण्याला सात भोकं! ते पहिल्यांदा पाहणाऱ्याला खेळण्यातले मणीच वाटावेत.

हे सगळं आधी सांगायचं कारण, विमानात बंदूक नेण्याचे जगभरचे नियम बऱ्याच अंशी याच गोष्टीवर उभे आहेत. दारू कोंडलेली आहे की नाही, आणि असेल तर किती घट्ट.

खेळातली काडतुसं प्रवासी विमानातून नेता येतात हे ऐकून पुष्कळांच्या भुवया वर जातात. आंतरराष्ट्रीय नियम प्रत्येक प्रवाशाला वेष्टनासकट ५ किलोपर्यंत काडतुसं चेक-इन सामानात नेऊ देतो, विमान कंपनीने आधी होकार दिला असेल तर. अट एवढीच, की ती १.४ एस या वर्गातली असावीत. निर्माणीतून पिंपांत भरून निघणारी मोकळी दारू मात्र १.१ किंवा १.३ वर्गात मोडते आणि प्रवासी विमानाच्या आसपासही फिरकू शकत नाही. म्हणजे दारू तीच, पितळेत बंद केली तर चालते आणि मोकळी असेल तर चालत नाही. हे उलटं वाटतं ना?

उत्तर आगीच्या चाचणीत आहे. या वर्गवारीसाठी काडतुसांची खोकी रचून त्यांच्याभोवती खरीखुरी आग पेटवतात आणि काय होतं ते बघतात. आगीत काडतूस तापून फुटतं, पण बंदुकीच्या नळीबाहेर पितळेला कोणाचाच टेकू नसतो. दाब चढायच्या आतच पातळ पितळ फाटतं. .२२ इंची काडतुसात तर गोळी नळकांडीपेक्षा बरीच जड, त्यामुळे उडतं ते रिकामं पितळ आणि गोळी बऱ्यापैकी जागीच राहते. एक काडतूस फुटलं म्हणून शेजारचं फुटत नाही. १.४ एसचा अर्थच तो: झालं तर नुकसान खोक्यापुरतं, आणि खोकं जळून गेलं तरी आग विझवणाऱ्याला जवळ जाता आलं पाहिजे. शिवाय दारू असते तरी किती? ५ किलोत .२२ ची साधारण तेराशे काडतुसं बसतात आणि त्या सगळ्यांत मिळून दारू जेमतेम शंभर-सव्वाशे ग्रॅम. बाकी सगळं शिसं, पितळ आणि पुठ्ठा.

आता हेच काडतूस रायफलच्या चेंबरमध्ये असेल तर? टेकू आला, दाब चढणार, गोळी सुटणार. म्हणून बंदूक रिकामी असल्याची खात्री काउंटरवर सुरक्षा कर्मचाऱ्यांसमोर करून द्यावी लागते, परवाना दाखवावा लागतो, घोषणापत्र भरावं लागतं, आणि पेटी कुलूप लावून अशा जागी ठेवली जाते जिथे उड्डाणात कोणाचा हात पोचणार नाही. दारू आणि नळी यांची गाठ पडू नये, ही या सगळ्या कागदांमागची एक मोठी कल्पना. हवेवर चालणाऱ्या, १० मीटर स्पर्धेच्या रायफलला दारू लागतच नाही, पण तिच्या सिलिंडरमध्ये २०० बारपर्यंत हवा भरतात. मोटारीच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन बार असते, यावरून अंदाज यावा. तो सिलिंडर रिकामा करूनच न्यायचा. ४.५ मिलिमीटरच्या या रायफलला, तिची ताकद २० ज्यूलच्या आत असेल तर, आपल्याकडे शस्त्रपरवाना लागत नाही. तरी विमानतळावर ती शस्त्रच. हातात घेऊन विमानात बसता येत नाही.

एवढी काळजी विमानाची बंदुकीपासून झाली. बंदुकीची विमानापासून कोण करतं? इथे नियमपुस्तक गप्प आहे.

महाराष्ट्राला हा प्रश्न पुस्तकी नाही. अंजली भागवत, सुमा शिरूर, तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, रुद्रांक्ष पाटील ही नावं इथलीच, आणि या प्रत्येकाचं आयुष्य जितकं रेंजवर तितकंच विमानतळांवर गेलेलं. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये (पालथं झोपून नेमबाजी) विश्वविजेत्या झाल्या. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचे, मध्य रेल्वेत नोकरी करणारे स्वप्निल कुसाळे १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकच्या ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये ४५१.४ गुणांसह कांस्यपदक घेऊन आले. त्या गुणांमधल्या दशांशाकडे जरा जवळून बघू.

५० मीटरच्या लक्ष्यावर १० गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटर रुंद असतं, आणि अंतिम फेरीत गुण दशांशात मोजतात. ०.१ गुण म्हणजे लक्ष्यावरचे ०.८ मिलिमीटर. रायफलच्या नेम धरायच्या पुढच्या आणि मागच्या साइटमधलं अंतर साधारण ८० सेंटिमीटर धरलं, तर लक्ष्यावर ०.८ मिलिमीटरचा फरक पडायला मागची साइट किती सरकावी लागते? ०.०१३ मिलिमीटर. माणसाच्या केसाच्या जाडीचा पाव भागही नाही. अशी वस्तू आपण बॅगेज बेल्टवर सोडतो, आणि ती कोण उचलतो, किती उंचावरून टाकतो, ते आपल्याला कधीच कळत नाही.

टाकतात, हे गृहीतच धरायचं. पेटी १ मीटरवरून पडली आणि कडक तळावर ५ मिलिमीटरमध्ये थांबली, तर आतल्या वस्तूला गुरुत्वाकर्षणाच्या २०० पट झटका बसतो. हिशोब साधा आहे: पडण्याची उंची भागिले थांबायला मिळालेलं अंतर. तेच अंतर फोमने ५ सेंटिमीटर केलं की झटका २० पटींवर येतो. ५-६ किलोची रायफल आणि २०० पट झटका म्हणजे क्षणभर टनाहून जास्त भार, तोही कदाचित एका स्क्रूवर. म्हणून रायफलच्या आकारात कापलेला फोम हवा. फार मऊ घेतला तर रायफल थेट तळाला जाऊन भिडते आणि फार कडक घेतला तर तोच तळ ठरतो. साइट काढून वेगळ्या डबीत, बोल्ट काढून वेगळा, नळीला लांबीभर आधार. जाणते खेळाडू साइटवरचे आकडे वहीत लिहून ठेवतात, रायफलचा फोटो काढून ठेवतात आणि मुक्कामी पोचल्यावर सरावाच्या पहिल्या फेरीत गोळ्या कुठे बसतात ते आधी बघतात.

पेटी जलरोधक असेल तर आणखी एक चमत्कार घडतो. सामानाच्या कप्प्यात हवा नसते असा समज आहे, तो चुकीचा. तिथला दाब प्रवाशांच्या केबिनइतकाच असतो, म्हणजे सुमारे अडीच हजार मीटर उंचीवरचा, जमिनीच्या तीन-चतुर्थांश. पेटीतली हवा वर हळूहळू झिरपून बाहेर गेली आणि खाली उतरताना परत आत आली नाही, तर झाकणावर बाहेरून पाव वातावरणाचा दाब बसतो. १२० बाय ३५ सेंटिमीटरच्या झाकणावर हा भार हजार किलोच्या घरात जातो! मग पाच माणसं ओढूनही झाकण उघडत नाही. चांगल्या पेट्यांना एक छोटी झडप असते, ती फिरवली की सुस्कारा सोडल्यासारखा आवाज येतो आणि पेटी बोटाने उघडते. पण मुंबईच्या पावसाळ्यात तीही लगेच उघडू नये. कप्प्यातून गार होऊन आलेल्या पोलादावर दमट हवा लागली की नळीच्या आतबाहेर दव धरतं. तासा-दोन तासांनी, पेटी खोलीच्या तापमानाला आल्यावरच कुलपाला हात लावावा.

एवढं करूनही मोडलं तर? इथे विमा येतो, आणि इथेच बहुतेकांचा अंदाज चुकतो. विमान कंपनी भरपाई देईलच, ही समजूत अर्धीच खरी. १९९९ च्या माँट्रियल करारात (भारत त्यात २००९ पासून आहे) हरवलेल्या किंवा मोडलेल्या सामानाच्या भरपाईला कमाल मर्यादा आहे. ती ठरते रुपयांत किंवा डॉलरमध्ये नव्हे, तर आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या एसडीआर या हिशोबी एककात, ज्याची किंमत डॉलर, युरो, युआन, येन आणि पाउंड या पाच चलनांच्या टोपलीवरून काढतात. डिसेंबर २०२४ अखेरीपासून ही मर्यादा १५१९ एसडीआर आहे. आपल्या पैशात पावणेदोन-दोन लाख. तीही एका प्रवाशाच्या सगळ्या सामानाला मिळून, म्हणजे कपडे, बूट, शूटिंगचं जाड जॅकेट सगळं त्यात. स्पर्धेची परदेशी रायफल सुट्या भागांसकट याहून सहज महाग पडते. देशातल्या देशात तर ही मर्यादा २० हजार रुपये. राष्ट्रीय स्पर्धेला विमानाने जाणाऱ्या खेळाडूने हा आकडा एकदा पाठ करावाच.

करारात एक पळवाट प्रवाशाच्या बाजूनेही आहे, आणि ती फार थोड्यांना ठाऊक असते. चेक-इन करताना सामानाची खास किंमत जाहीर करायची, कंपनी मागेल ती जादा रक्कम भरायची, मग मर्यादा त्या जाहीर किमतीपर्यंत जाते. काउंटरवरच्या माणसाला हा फॉर्म माहीत असेलच असं नाही, म्हणून आधी लेखी विचारलेलं बरं.

खरा आधार स्वतःच्या पॉलिसीचा. साधा प्रवास विमा खेळाच्या साहित्याला हात आखडता घेतो, शस्त्रांना तर बऱ्याचदा वगळतोच. वस्तूचं नाव, अनुक्रमांक आणि मान्य केलेली किंमत लिहिलेली 'ऑल रिस्क' प्रकारची पॉलिसी हवी. ती वाचताना दोन-चार प्रश्न विचारावेत. विमान कंपनीच्या ताब्यात असताना संरक्षण आहे का? परदेशात आहे का? घसारा कापणार का? साइट वाकली आणि रायफल शाबूत असेल, तर दुरुस्तीनंतर पुन्हा जुळवणी करायचा खर्च धरणार का? कस्टम्सने अडवून ठेवली तर विमा बहुधा मिळत नाही, म्हणून जातानाच कस्टम्सकडून निर्यात दाखला घ्यावा. परत येताना रायफल आपलीच आहे हे पटवत बसावं लागत नाही. आणि रायफल नक्की कोणाच्या नावावर आहे, खेळाडूच्या की संस्थेच्या, हेही पाहावं. दुसऱ्याच्या वस्तूवर आपल्या नावाचा विमा दाव्याच्या वेळी टिकत नाही.

पेटीला नुसता ओरखडा दिसला तरी विमानतळातून बाहेर पडण्याआधी उघडून बघावी (दवाची भीती तेवढ्यापुरती बाजूला ठेवून) आणि तक्रार तिथेच नोंदवावी. तुटफुटीची लेखी तक्रार सामान मिळाल्यापासून ७ दिवसांत करावी लागते आणि उशिराबद्दलची २१ दिवसांत. मुदत गेली की दावा गेला. पेटी आलीच नाही, तर प्रकरण सामानाचं राहत नाही. परवान्याचं शस्त्र हरवलं म्हणजे जवळच्या पोलीस ठाण्यात ताबडतोब कळवणं बंधनकारक आहे, विमा कंपनीही त्या नोंदीची प्रत मागते. पैसे मिळाले तरी नवी रायफल दुकानातून उचलून आणता येत नाही. आधी परवान्यावर जुनीची नोंद निकालात निघायला हवी, मग नवीची परवानगी, आयातीचे कागद, संघटनेची शिफारस. तोवर स्पर्धा कोणासाठी थांबत नाही, म्हणून संघातला एखादा खेळाडू आपली दुसरी रायफल पुढे करतो. पण तिचा गालाचा टेकू दुसऱ्याच गालाला बेतलेला असतो.