वक्तृत्व आणि व्यक्तीचे मूल्यमापन

वक्तृत्व हे विचार व्यक्त करण्याचे प्रभावी साधन होय. तथापि श्रोते वाणीवरून वक्त्याची विद्वत्ता व सचोटीही ठरवितात. वक्त्याविषयीचा विश्वास त्याच्या पूर्वकीर्तीतून नव्हे, तर भाषणातूनच निर्माण व्हावा, असे ॲरिस्टॉटलने प्रतिपादिले होते. एका गुणाच्या प्रभावाने इतर गुणांविषयीही अनुकूल मत बनते, या प्रवृत्तीस मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२० मध्ये ‘हॅलो’ म्हणजेच प्रभावलय ही संज्ञा दिली.

केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेत एकूण २०२५ गुणांपैकी २७५ गुण मुलाखतीस आहेत. सुस्पष्ट व तर्कशुद्ध मांडणी हा तिचा एक निकष असून ती मराठीतूनही देता येते. परंतु चारचौघांत बोलण्याची संधी न मिळालेला विद्यार्थी उत्तर ठाऊक असूनही अडखळतो आणि त्याचे अडखळणे हेच अज्ञान मानले जाण्याचा धोका संभवतो.

म्हणून परीक्षकांनी भाषेच्या ओघापेक्षा आशय पारखणे आवश्यक आहे. महाविद्यालयांनीही वक्तृत्वाचा सराव स्पर्धेतील निवडक विद्यार्थ्यांपुरता मर्यादित न ठेवता प्रत्येक वर्गात द्यावा. वक्तृत्व हे बहुतांशी सरावाने साध्य होणारे कौशल्य आहे. ज्यांना सरावच मिळाला नाही, त्यांची योग्यता केवळ त्यावरून ठरविणे न्याय्य ठरत नाही.