विचारत विचारत करंजाड्याला

पनवेल स्टेशनबाहेरची शेअर रिक्षा तिसरा प्रवासी मिळाल्याशिवाय हलत नाही. त्या चार-पाच मिनिटांत पूर्वी बरंच काही व्हायचं. कुणाकडे निघालात, पाव्हणे आहात की भाड्याने घर बघायला आलात, आमच्या ओळखीत एक वन-बीएचके आहे, असं सगळं निघायचं. आता नवा प्रवासी बसतो, मोबाइल पुढे करतो आणि पडद्यावरचा ठिपका रिक्षावाल्याच्या नाकासमोर धरतो. "दादा, ते ठेवा खिशात. सेक्टर सांगा आणि जवळ काय आहे ते सांगा," असं एका रिक्षावाल्याने प्रस्तुत लेखकासमोर एका तरुणाला सुनावलं. तरुणाला सेक्टर आठवेना. जवळ काय आहे, हे त्याने कुणाला विचारलेलंच नव्हतं. त्याच्यापाशी फक्त तो ठिपका होता.

करंजाडे हे असल्या गमतीसाठी फार सोयीचं गाव. गाढी नदी ओलांडली की सिडकोने आखलेलं हे उपनगर लागतं. इथला पत्ता म्हणजे आकडे: सेक्टर अमुक, भूखंड तमुक. जुनं गाव या आकड्यांच्या कुशीत कुठेतरी आहे. त्यात भर म्हणजे वडघर-करंजाड्याकडच्या आर-१, आर-२ अशा नावांच्या वसाहती. नवी मुंबई विमानतळासाठी उठवलेल्या दहा गावांपैकी काहींची माणसं इथे राहायला आली. चिंचपाडा, कोल्ही, कोपर ही नावं धावपट्टीच्या कामात जमिनीवरून उठली आणि लोकांच्या जिभेवर राहिली. सुमारे ९० मीटर उंचीची उलवे टेकडी सुरुंगांनी कापली गेली, उलवे नदीचा प्रवाह वळवला गेला. ८ ऑक्टोबर २०२५ला विमानतळाचं उद्घाटन झालं आणि त्याच वर्षीच्या नाताळात विमानं उडू लागली. टेकडी आणि नदीच जागची हलल्यावर पत्ता सांगणाऱ्याने बोट दाखवायचं तरी कशाकडे?

विषय शेवटी एआयचा आहे, म्हणून रिवाजाप्रमाणे त्याचा थोडा इतिहास सांगायला हवा, तो उरकून घेऊ. 'कृत्रिम बुद्धिमत्ता' हे नाव जॉन मॅकार्थी आणि सहकाऱ्यांनी १९५५ साली डार्टमथच्या परिषदेचा प्रस्ताव लिहिताना वापरलं. १९६६मध्ये एमआयटीच्या जोसेफ वायझेनबॉम यांनी 'एलायझा' हा बोलका प्रोग्रॅम जाहीर केला आणि लोक त्याच्यापाशी मन मोकळं करू लागले, तेव्हा वायझेनबॉम स्वतःच हबकले. नोव्हेंबर २०२२मध्ये चॅटजीपीटी आलं. पुढचं सर्वांना ठाऊक आहे. उरकलं.

आता मुद्द्याचं. एआयवर अवलंबून राहिल्याने माणूस बदलेल का, या विषयावर सध्या परिसंवादांना तोटा नाही. पण बोलणारे वक्ते ज्या गाडीतून सभागृहाला येतात, त्या गाडीत आधीच एक यंत्र त्यांना डावीकडे-उजवीकडे वळवत असतं, आणि त्याला कुणी एआय म्हणत नाही. 'गूगल मॅप्स'वर पोहोचायला किती मिनिटं लागतील, हा अंदाज अधिक अचूक करायला डीपमाइंडचं यंत्रशिक्षण लावल्याचं कंपनीने २०२० साली सांगितलं होतं. चॅटजीपीटीचे परिणाम काय होतील याचे तर्कच करावे लागतात. नकाशाचे परिणाम मात्र डोळ्यांसमोर आहेत.

बेलापूरचंच उदाहरण घ्या. २५ जुलै २०२५, मध्यरात्रीनंतर एकचा सुमार. उलव्याला निघालेली एक महिला आपल्या आलिशान गाडीतून नकाशा बघत चालली होती. खाडीपुलावर चढण्याऐवजी तिची गाडी पुलाखालच्या रस्त्याला लागली. नकाशावर तो रस्ता सरळ दिसत होता. प्रत्यक्षात तो ध्रुवतारा जेट्टीवर संपत होता. गाडी खाडीत गेली. सागरी सुरक्षा पोलिसांनी ते पाहिलं आणि तिला वाचवलं, म्हणून बातमी हसण्यावारी नेता आली. जानेवारी २०२१मध्ये तसं झालं नाही. कळसूबाईला निघालेल्या पुणेकरांची गाडी रात्री अकोले तालुक्यात कोतूळजवळच्या पुलावर गेली. तो पूल पिंपळगाव खांड धरणाच्या पाण्याखाली होता. दोघे पोहून बाहेर आले, गाडी चालवणारा बुडाला.

दोन्ही घटना रात्रीच्या आहेत, हे विसरायला नको. त्या वेळी विचारायला रस्त्यावर कोण असणार? यंत्र कामाला येतं ते अशाच वेळी, आणि घात करतं तेही अशाच वेळी. पण काचेबाहेर अंधार आणि पाणी दिसत असताना पाय ब्रेकवर का गेला नाही, हा प्रश्न उरतो. आपल्या डोळ्यांपेक्षा यंत्राचा शब्द खरा मानण्याच्या या सवयीचा विमानोड्डाणाच्या क्षेत्रात अनेक वर्षं अभ्यास चालू आहे. आपल्याकडे ती सवय हँडलपर्यंत आली आहे.

प्रस्तुत लेखकाचा जीव या विषयात अडकला तो लंडनच्या टॅक्सीवाल्यांमुळे, आणि त्यांच्याविषयी जरा सविस्तर लिहिण्याची मुभा वाचकांनी द्यावी. तिथल्या काळ्या टॅक्सीचा परवाना हवा असेल तर 'नॉलेज' नावाची परीक्षा द्यावी लागते. चेरिंग क्रॉसपासून सहा मैलांच्या परिघातले सुमारे २५,००० रस्ते, शिवाय दवाखाने, थिएटरं, पुतळे, न्यायालयं, सगळं तोंडपाठ हवं. उमेदवार तीन-चार वर्षं दुचाकीवरून गल्ल्या पालथ्या घालतात. परीक्षक समोर बसवून विचारतो, अमुक दारापासून तमुक दारापर्यंत कसा जाशील, आणि उमेदवाराने प्रत्येक वळण तोंडाने म्हणायचं. आपल्याकडच्या वेदपाठशाळेची आठवण यावी असा हा प्रकार.

एलेनॉर मॅग्वायर या मेंदूशास्त्रज्ञ बाईंनी या टॅक्सीवाल्यांचे मेंदू स्कॅन केले. २००० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात दिसलं, की जागेची स्मृती सांभाळणाऱ्या हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग या मंडळींमध्ये इतरांहून मोठा आहे. शंकेखोरांनी विचारलं, मुळातच तसा मेंदू असलेली माणसं या धंद्यात येत असतील तर? मग मॅग्वायर आणि कॅथरिन वूलेट यांनी शिकाऊ उमेदवारांनाच सुरुवातीपासून गाठलं. २०११ साली उत्तर आलं: ७९ उमेदवारांपैकी ३९ उत्तीर्ण झाले आणि मेंदूतली वाढ फक्त या उत्तीर्णांमध्ये दिसली. जे नापास झाले, त्यांच्यात नाही. म्हणजे गल्ल्या पाठ करून मेंदू खरोखरच बदलला होता.

याची उलटी बाजू माँट्रियालमध्ये तपासली गेली. लुइझा दहमानी आणि वेरोनीक बोबो यांनी २०२० साली ५० वाहनचालकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांनी आयुष्यात जीपीएसवर जास्त भिस्त ठेवली, त्यांची स्वतःहून वाट शोधण्याची स्मृती कमजोर होती. त्यातल्या १३ जणांना तीन वर्षांनी पुन्हा तपासलं, तर जास्त वापरणाऱ्यांची घसरण जास्त. १३ हा आकडा फार छोटा आहे. त्यावर इमले बांधू नयेत. पण दिशा तीच आहे. डिसेंबर २०२४मध्ये 'बीएमजे'त अमेरिकेतल्या ४४३ व्यवसायांतील मृत्यूनोंदींचा अभ्यास आला. अल्झायमरने झालेल्या मृत्यूंचं प्रमाण टॅक्सी आणि रुग्णवाहिका चालवणाऱ्यांमध्ये सर्वांत कमी होतं. ठरलेल्या मार्गावर जाणाऱ्या बसचालकांत तसं दिसलं नाही. कार्यकारणभाव सिद्ध झालेला नाही, हे अभ्यासकांनीच सांगितलं. तरी पनवेलच्या त्या रिक्षावाल्याकडे बघण्याची नजर बदलते खरी.

स्मृतीचं हे असं. पण वाट विचारण्यात स्मृतीपेक्षा वेगळंही काही असतं. अनोळखी माणसाला आपण 'काका', 'मावशी', 'दादा' म्हणतो आणि अर्ध्या मिनिटापुरतं नातं जोडतो. मला ठाऊक नाही, तुम्हाला आहे, हे चारचौघांत कबूल करतो. मराठीत 'विचारणं' आणि 'विचार' ही एकाच घरची भावंडं. दुसऱ्याला विचारल्याशिवाय आपला विचार पुरा होत नाही, असं भाषेनेच गृहीत धरलेलं दिसतं.

आता लगेच पुणेकर हात वर करतील. 'पत्ता विचारू नये', 'ही चौकशी खिडकी नाही' अशा पाट्या एआयच्या कितीतरी आधीपासून पेठांमध्ये लटकत होत्या. विचारणाऱ्यांचा जाच होता, यात शंका नाही. आणखी एक गोष्ट मान्य करावी लागेल: आपल्याकडे रस्ता ठाऊक नसला तरी 'माहीत नाही' म्हणणं लोकांना अपमानास्पद वाटतं. नाक्यावरचा गृहस्थ दूरवर बोट दाखवतो आणि ठाम आवाजात 'सरळ जा' म्हणतो. चॅटबॉटने हा गुण नेमका उचलला आहे. नाक्यावरच्याच्या चेहऱ्यावरून थाप ओळखू येते, एवढाच फरक.

मुंबई उच्च न्यायालयाला ऑक्टोबर २०२५मध्ये असंच एक 'सरळ जा' सापडलं. प्राप्तिकर खात्याच्या एका आदेशात जे तीन निवाडे आधाराला घेतले होते, ते अस्तित्वातच नव्हते. न्यायालयाने आदेश रद्द केला आणि एआयच्या जमान्यात यंत्राने पुढे केलेलं आंधळेपणाने न वापरता पडताळून घ्या, असं बजावलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पोलंडच्या चार केंद्रांतला अभ्यास 'लॅन्सेट'च्या पोटविकारविषयक नियतकालिकात आला. कोलोनोस्कोपीत एआयची मदत सुरू झाल्यानंतर, मदतीविना केलेल्या तपासण्यांमध्ये डॉक्टरांना गाठी सापडण्याचं प्रमाण २८.४ टक्क्यांवरून २२.४ टक्क्यांवर आलं होतं. डोळा मंदावतो तो असा. या दोन्ही गोष्टींवर स्वतंत्र लेख होईल. आपण करंजाड्याला परतू.

यातला विनोद असा, की नकाशाला वाट सांगायला आपणच शिकवलं. गूगलच्या लोकांनी भारतात पाहणी केली, तेव्हा त्यांना कळलं की इथे रस्त्यांची नावं कुणी वापरत नाही. देऊळ, पेट्रोलपंप, चिंचेचं झाड यांच्यावर काम चालतं. डिसेंबर २००९मध्ये त्यांनी भारतासाठी खुणांवर आधारलेले मार्ग आणले. मारुतीच्या देवळापासून डावीकडे, हे आपलं बोलणं यंत्राने घेतलं, आणि ते बोलण्याची गरज आपली संपली. २०२५मध्ये टपाल खात्याने 'डिजिपिन' आणला: देशाच्या सुमारे चार मीटर बाय चार मीटरच्या प्रत्येक तुकड्याला दहा अक्षर-अंकांचा संकेत. दरवाजा सापडेल, यात वाद नाही.

तरीही एक वर्ग अजून रोज विचारतो. करंजाड्यातल्या कुठल्याही सेक्टरमध्ये संध्याकाळी सातला उभं राहावं. पाठीवर चौकोनी पिशवी घेतलेला मुलगा दुचाकी थांबवतो, फोन लावतो: "मॅडम, बिल्डिंगच्या जवळ काय आहे? मेडिकल दिसतंय, तिथून पुढे का?" ठिपक्याने त्याला गल्लीत आणून सोडलेलं असतं, शेवटचे पन्नास मीटर माणसालाच विचारावे लागतात. वरून उत्तर येतं, "लोकेशन पाठवलंय ना?" आणि फोन ठेवला जातो. पूर्वी वाट सगळेच विचारत, साहेब आणि हमालही. आता विचारणं हे पिशवीवाल्याचं काम झालं आहे, आणि ज्याच्यावर विचारायची वेळ येते तो कमी लायकीचा, असा एक नवाच शिष्टाचार रुजतो आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते हा बदल हिप्पोकॅम्पसच्या आक्रसण्याहून गंभीर आहे. तो कुठल्या स्कॅनमध्ये दिसायचा नाही.

गेल्या पावसाळ्यानंतर प्रस्तुत लेखक मुद्दाम मोबाइल बंद करून आर वसाहतींच्या दिशेने चालत गेला. विमानतळाच्या जागेवरून उठून आलेल्या एका कुटुंबाचं घर शोधायचं होतं. वाण्याने टपरीवर पाठवलं, टपरीवाल्याने वाळत घातलेल्या सुकटीपाशी बसलेल्या आजींकडे. आजींनी आधी आडनाव विचारलं, मग गाव, मग गाव नक्की कोकणातलं की घाटावरचं. चहा झाला. पत्त्याचा विषय निघेपर्यंत वीस मिनिटं गेली. शेजारच्या आजोबांनी उठून हात लांब केला: "असं सरळ जायचं. टेकडीच्या अंगाला शेवटची लाइन, तिथे विचारा."

"टेकडी कुठली, आजोबा?"

आजोबांचा हात तसाच राहिला. समोर सपाट आभाळ होतं आणि त्यात एक विमान चाक आत घेत वर चढत होतं. "उलव्याची," ते म्हणाले, "होती तिथे." सांगितल्या दिशेने शेवटच्या रांगेतलं तिसरं घर बरोबर निघालं.