वाटणीच्या दाव्यात मुलीचा हिस्सा
हिंदू एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला मुलाप्रमाणेच जन्मापासून हक्क आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयात न्या. अरुण मिश्रा यांच्या अध्यक्षतेखालील तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ११ ऑगस्ट २०२० रोजी दिला. हा हक्क देणारी हिंदू वारसा कायद्यातील दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झाली. त्या दिवशी वडील हयात असलेच पाहिजेत, ही २०१५ च्या निकालातील अट २०२० च्या या निकालामुळे गेली. बहिणींवर अन्याय करणारीच ती अट होती. महाराष्ट्राने हा हक्क १९९४ मध्येच दिला होता, पण त्यापूर्वी लग्न झालेल्या मुलींना वगळून. २० डिसेंबर २००४ पूर्वीची नोंदणीकृत किंवा न्यायालयाच्या हुकूमनाम्याने झालेली वाटणी मात्र कायम राहते; तोंडी वाटणीचा बचाव सरकारी कागदपत्रांच्या भक्कम आधाराशिवाय सहसा टिकत नाही.