माठाले घाम येते

माठातलं पाणी गार कसं होतं, हे यवतमाळकडच्या कुठल्याही आजीला मे महिन्यातल्या दुपारी विचारून पाहा. आमच्या आजीचं उत्तर ठरलेलं होतं. "माठाले घाम येते बाप्पा. तुलेच येते का?" तो तर काही काम करत नाही, मग घाम कशाचा, असं पुढे विचारलं तर, "दिवसभर एका जागी उभा आहे न तो. तू राहून पाह्य." घरभर हशा, आणि विचारणारं पोट्टं गप्प.

गंमत अशी की पदार्थविज्ञानाचं पुस्तक उघडलं तर आजीचं उत्तर जवळजवळ जसंच्या तसं सापडतं. भाजलेल्या मातीला डोळ्यांना न दिसणारी छिद्रं असतात. त्यांतून पाणी पाझरून माठाच्या अंगावर येतं आणि उडून जातं. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे 580 कॅलरी उष्णता लागते, आणि त्यातली बरीचशी माठातल्या पाण्याकडूनच घेतली जाते. दहा लिटरच्या माठातून जेमतेम एक पेला पाणी उडालं आणि बाहेरची उष्णता आत शिरली नाही असं धरलं, तर उरलेलं पाणी अकरा-साडेअकरा अंशांनी उतरायला हवं. प्रत्यक्षात उष्णता शिरतेच, म्हणून तेवढं उतरत नाही. पण जे उतरतं ते याच हिशेबानं. आपलं अंगही घाम उडवूनच गार होतं. आणि पावसाळ्यात हवा ओलीकिच्च झाली की दोघांचाही घाम उडत नाही. माठ फिका पडतो, माणूस चिकचिकतो.

घरच्यांनी चेष्टेत दिलेल्या उत्तरांचा मला तेव्हापासून नाद लागला. ती सगळीच खरी निघत नाहीत. आकाश निळं का, याला आमच्या काकांनी दिलेलं उत्तर इथे छापण्यासारखंही नाही. पण काही उत्तरं अशी असतात की ती देणाऱ्यानं कारण वाचलेलं नसतं, गोष्ट मात्र उभ्या जन्मात हजारदा पाहिलेली असते.

पऱ्हाटीचंच घ्या. यवतमाळ जिल्हा कापसाचा. वावरात सकाळी उमललेलं फूल पांढरट पिवळं असतं, दुसऱ्या दिवशी तेच गुलाबी. का? आबाजींचं उत्तर: "काल लगन झालं न तिचं. लाजली." एवढं बोलून ते बिडी पेटवायचे, विषय संपला.

विषय संपत नाही, तिथेच सुरू होतो. कपाशीचं फूल उमलतं त्याच दिवशी त्याचं परागीभवन होतं, आणि मग पाकळ्यांत ॲन्थोसायनिन नावाचं लाल-जांभळं रंगद्रव्य भरत जातं. म्हणजे लग्न आणि लाजणं, क्रम अगदी बरोबर. पण त्या दिवशी फुलाच्या पोटात जे घडतं ते आबाजींनी पाहिलेलं नव्हतं. पुढे सरकी होणाऱ्या इवल्याशा बीजांडाच्या सालीवर पेशींचा एक थर असतो. त्यातल्या काही पेशी नेमक्या त्याच दिवशी फुगून वर डोकं काढतात आणि लांब व्हायला लागतात. दिवसाला मिलिमीटर, कधी त्याहून जास्त. तीनेक आठवड्यांत एकेक पेशी अडीच-तीन सेंटिमीटरची होते. जाडी मात्र मिलिमीटरच्या पन्नासाव्या हिश्शाइतकी, म्हणजे रुंदीच्या हजारपट लांबी. कापसाचा एक तंतू म्हणजे एक पेशी! आपल्या शरीरातल्या बहुतेक पेशी बघायला सूक्ष्मदर्शक लागतो, आणि ही बोटांच्या चिमटीत धरता येते. एका सरकीवर असे दहा हजारांहून जास्त तंतू असतात.

वाढ थांबली की तंतूच्या आत सेल्युलोजचे थरावर थर चढतात. बोंड फुटलं की आतला ओलावा उडतो, ती पोकळ नळी चपटी होते आणि स्वतःभोवती पीळ घेते. हा पीळ होता म्हणून एक तंतू दुसऱ्याला धरून राहिला, म्हणून सूत निघालं. सरळ, गुळगुळीत राहिला असता तर सूत काढणाऱ्या हातांची फार पंचाईत झाली असती. आणि सरकीला मुळात हे केस कशाला? आमच्या आत्याच्या मते, "हिवाळ्यात बोंड फुटते, मंग स्वेटर नको का?" हे मात्र साफ चूक. रानटी कपाशीत हे केस बी दूर पोचवायला कामी येत असावेत, असं मानतात. लांबलचक, भरघोस तंतू हा माणसानं हजारो वर्षं निवडून निवडून घडवलेला प्रकार आहे.

माणसं अशा प्रश्नांना विनोदानं का उत्तरं देतात, याचाही थोडा माग लागतो. 2002 साली येल विद्यापीठातल्या लिओनिड रोझेनब्लिट आणि फ्रँक कील यांनी लोकांना विचारलं, चेन कशी लागते, संडासाचा फ्लश कसा चालतो, हे तुम्हाला किती कळतं? लोकांनी स्वतःला बरे गुण दिले. मग सांगितलं, आता पायरी-पायरीनं लिहून दाखवा. लिहिता लिहिता त्यांचे त्यांनाच ते गुण कमी करावेसे वाटले. रोज हाताळलेली वस्तू आपल्याला कळलेली आहे असं वाटत राहतं, कोणी "कसं काय?" विचारेपर्यंत. त्या क्षणी दोन वाटा असतात: पोराला दटावायचं, नाहीतर हसवायचं. दटावलेलं पोरगं पुन्हा विचारत नाही. हसलेलं पोरगं विचारतं, म्हणून मला दुसरी वाट कधीही पसंत.

टपरीवर एका मित्राला विचारलं होतं, स्वतःच स्वतःला गुदगुल्या का होत नाहीत? "अबे, आपलाच खिसा आपून कापला तं त्याले कोनी चोरी म्हनते का?" लंडनमध्ये सारा-जेन ब्लेकमोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1998च्या सुमारास हेच तपासलं. हात हलवायचा हुकूम सुटतो तेव्हाच मेंदू पुढचा स्पर्श कसा असेल याचा अंदाज बांधतो आणि तेवढी जाणीव दाबून टाकतो. मग त्यांनी मध्ये एक यंत्र ठेवलं. माणूस हात हलवणार, यंत्र तशीच हालचाल करून त्याच्याच तळव्यावर स्पंज फिरवणार, पण सेकंदाच्या पाचव्या हिश्शाइतकं उशिरा. आता गुदगुल्या वाढल्या! अंदाज चुकला, खिसा परक्यानं कापला.

आणि मामा. पांढरकवडा-वणी पट्ट्यात शिबला-पार्डीला जमिनीत बसॉल्टचे षट्कोनी खांब सापडले आहेत, एकाला एक लागून, कडा तासल्यासारख्या. फोटो बघून मामा म्हणाले, "कोनी केलं मालूम नाई, पन ठेकेदाराचं काम नव्हे. मापात आहे." सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर पसरलेला लाव्हा थंड होताना आकसला आणि तडकला. तडे खोल जाता जाता एकमेकांशी 120 अंशांचा कोन करू लागतात, कारण त्यात कमीत कमी तड्यांत जास्तीत जास्त ताण सुटतो. तीन तडे असे भेटत गेले की षट्कोन होतोच. याच दगडाची झीज होऊन आपली काळी माती झाली, आणि ती माती उन्हाळ्यात पुन्हा आकसून तडकते.

मग वावरातल्या भेगा षट्कोनी का नसतात, असं माझ्या भाच्यानं विचारलं. ओल्या मातीचे पहिले तडे साधारण काटकोनात भेटतात. तीच माती पुन्हा पुन्हा भिजली आणि वाळली, तर ते हळूहळू 120 अंशांकडे सरकतात, असं प्रयोगात दिसलं आहे. मी हे सांगायला तोंड उघडणार, तोच मामा म्हणाले, "दरसाली आपूनच नांगर घालतो न तिच्यात. पुरं कवा होईन?"