शिजविलेले अन्न आणि त्याचा डबा

अन्न शिजविणे ही एक विद्या, आणि शिजलेले अन्न राखणे ही दुसरी. पहिली आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. दुसरीची गरज घरोघर फ्रिज आल्यापासून नव्याने भासू लागली. दुर्ग-भिलाई परिसरातील मोहन नगरसारखी वस्ती घ्या. भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ साली सुरू झाली आणि तेव्हापासून या भागातील कित्येक घरांचे घड्याळ कारखान्याच्या पाळ्यांवर चालत आले आहे. कोणी पहाटे बाहेर पडतो, कोणी मध्यरात्री परततो. एकदा केलेली उसळ आणि भात दोन-तीन वेळांना पुरवावा लागतो. त्यातच उन्हाळ्यात येथील पारा ४० अंश सेंटिग्रेडच्या वर चढतो. अशा ठिकाणी अन्न कशात ठेवावे हा प्रश्न निव्वळ सोयीचा राहत नाही.

भाताचेच पाहा. तांदळावर बॅसिलस सेरियस नावाच्या जंतूचे बीजाणू पुष्कळदा असतात. भात शिजला तरी ते मरत नाहीत. भात कोमट स्थितीत बराच वेळ राहिला की ते अंकुरतात, जंतूंची संख्या झपाट्याने वाढते आणि त्यांतून एक विष तयार होते. हे विष पुन्हा कितीही उकळले तरी नाहीसे होत नाही. म्हणून ‘खाताना चांगले गरम करू’ हे समाधान येथे फसवे ठरते. साधारणतः ५ ते ६० अंशांच्या दरम्यानचे तापमान जंतूंना मानवते. ही मजल अन्नाने लवकर ओलांडावी, हाच सगळ्या साठवणीचा पाया होय. शिजलेले अन्न दोन तासांच्या आत, आणि हवा ३२ अंशांहून उष्ण असेल तर एका तासाच्या आत, थंडीत जावयास हवे. छत्तीसगडात उरलेला भात रात्री पाण्यात घालून सकाळी कांदा-मिरचीबरोबर ‘बोरे बासी’ म्हणून खाण्याची जुनी चाल आहे. पण ती एका रात्रीची युक्ती आहे, आठवडाभराच्या साठ्यास ती उपयोगी नाही.

भांडे निवडताना बहुतेकांची दृष्टी ते कशाचे आहे याकडे जाते. वास्तविक ते किती खोल आहे हे आधी पाहावे. घट्ट पदार्थातून उष्णता फार मंद गतीने बाहेर येते. थराची जाडी दुप्पट केली तर मध्यभाग निवण्यास सुमारे चौपट वेळ लागतो. उभ्या डब्यात दाबून भरलेले पिठले बाहेरून गार लागते, आत मात्र तासन्‌तास कोमट असते. पातळ वरण ढवळले जाते, त्यामुळे ते त्यामानाने लवकर निवते. यास्तव भात वा पिठले परातीत किंवा थाळ्यात दोन बोटे जाडीचा थर करून पसरावे, हे कोणत्याही महागड्या डब्याहून अधिक उपकारक आहे.

आता धातूंविषयी. भिलाईचे नाव रुळांमुळे देशभर गेले, परंतु रुळाचे पोलाद गंजते. स्वयंपाकघरातील स्टेनलेस स्टील निराळे. त्यात किमान साडेदहा टक्के क्रोमियम असते आणि त्याच्या ऑक्साइडचा अतिशय पातळ थर धातूचे रक्षण करतो. स्टील काचेच्या सुमारे पंधरा पट उष्णता वाहून नेते, म्हणून अन्न निवविण्यास ते उत्तम. चिंच-कोकमाची आमटी कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात कदापि ठेवू नये. आंबटपणामुळे तांबे अन्नात उतरते. ॲल्युमिनियमही आंबटाने झिजते. फार दिवस राहणाऱ्या मिठाने तर स्टीललाही बारीक खड्डे पडतात, हे लोणच्याला चिनीमातीची बरणी देणाऱ्या आजीबाईंना रसायनशास्त्र न शिकता ठाऊक होते.

प्लॅस्टिकचे डबे सगळे सारखे नव्हेत. तळाशी त्रिकोणात ५ हा अंक असेल तर ते पॉलिप्रॉपिलीन होय. ते उष्णता सोसते, पण त्याचे काही प्रकार कडक थंडीत ठिसूळ होतात. श्रीखंडाचा रिकामा डबा फ्रीझरमधून काढताना हातातून पडला की तडकतो तो बहुधा यामुळेच. २ आणि ४ या अंकांचे पॉलिथिन थंडीत चिवट राहते, पण उष्णतेने मऊ पडते. तेव्हा निवविण्याचे भांडे एक आणि गोठविण्याचे दुसरे, असा व्यवहार ठेवणे श्रेयस्कर. वाफाळते अन्न स्टीलच्या थाळ्यात निवू द्यावे आणि मगच पॉलिथिनच्या डब्यात किंवा पिशवीत भरावे.

गोठताना पाणी सुमारे नऊ टक्क्यांनी फुगते. आमटी म्हणजे मुख्यतः पाणीच. काठोकाठ भरलेली, गळ्याशी निमुळती होणारी काचेची बाटली यामुळेच फुटते; वर सरकू पाहणारा बर्फ गळ्याखाली अडकतो. सरळ भिंतीची बरणी घ्यावी, तीही वर दोन बोटे रिकामी ठेवून. घट्ट पदार्थात मात्र उलट काळजी हवी. तेथे पदार्थावर जितकी हवा राहील तितका बर्फ थेट वाफ होऊन उडतो, पृष्ठभाग कोरडा व पांढरट पडतो आणि चव जाते. स्टीलच्या साध्या डब्याचे झाकण हवाबंद नसते, म्हणून महिनाभराच्या साठ्यास तो पुरेसा नाही. बटाट्याची भाजी कोणत्याही डब्यात ठेवा, वितळल्यावर ती खरखरीत व पाणचट होतेच. हा दोष डब्याचा नव्हे.

फ्रीझरचे तापमान उणे १८ अंश असावे. एकाच दाराच्या फ्रिजमधील बर्फाच्या कप्प्यात ते नेहमीच गाठले जात नाही, तेथे अन्न थोडेच दिवस ठेवावे. गोठल्याने जंतू मरत नाहीत, केवळ थांबतात. डबा बाहेर ओट्यावर वितळू दिला, की त्यांचे काम पुन्हा सुरू होते. शिवाय गोठण्याहून वितळण्यास वेळ अधिक लागतो. बर्फ पाण्याच्या जवळजवळ चौपट उष्णता वाहून नेतो. वितळताना कडेला पाण्याचा थर तयार होतो आणि तोच आतील बर्फाकडे जाणारी उष्णता अडवतो. पहाटेच्या पाळीचा डबा भरावयाचा असेल, तर उसळ आदल्या दुपारीच फ्रीझरमधून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवावी. एक वेळेपुरत्या चपट्या डब्यात भरलेली असेल, तर ती गोठलेली लादी तशीच पातेल्यात घालून उकळी आणली तरी चालते.