येळवशीचा मुक्काम

पुण्याहून आलेल्या मोटारीच्या डिकीतून चिरंजीवांनी आधी लेकीच्या दुधाचे डबे काढले, मग डायपरचे गठ्ठे काढले आणि सर्वांत शेवटी उशीएवढी एक निळी पिशवी काढून माझ्या हातात दिली. "बाबा, हा तंबू." मी तंबू पाहिलेला माणूस आहे. जत्रेतला पाहिला, तमाशाचा पाहिला, लष्कराचाही पाहिला. एवढ्याशा पिशवीत तंबू मावतो हे काही मला पटेना. त्याने अंगणातच पिशवी उघडली, कापडात दोन लवचिक काड्या ओवल्या आणि पाच मिनिटांत निळी घुमटी उभी केली. आमची तेरा महिन्यांची नात रांगत आत गेली ती बाहेर यायला तयार होईना.

बेत असा होता. वेळ अमावस्येला सगळ्यांनी शेतावर जायचे, आणि संध्याकाळी बाकीचे घरी परतले की लेक, सून आणि नात यांनी रात्री तिथेच राहायचे. नातीचे पहिले कॅम्पिंग. पुण्यातली त्यांची मित्रमंडळी पवना धरणाच्या काठावर भाड्याच्या तंबूत राहून येतात. सूनबाई कोल्हापूरकडची, तिला आमची येळवस माहीत नव्हती; पण "परक्याच्या तळ्याकाठी पैसे मोजून झोपण्यापेक्षा आपल्याच शेतात का झोपू नये?" हा विचार तिचाच. हिशेबी सून मिळाली म्हणून माझ्यातला निवृत्त बँकवाला खूश झाला.

आमची ही मात्र काही बोलली नाही. तंबूची दोरी उगीच ओढून बघत राहिली. रात्री जेवणे झाल्यावर एवढेच म्हणाली, "जाऊ की सगळे. पण दिवे लागायच्या आत लेकरू घरी आलं पाहिजे."

लातूर-धाराशिवकडच्या वाचकांना येळवस काय ते सांगायला नको. इतरांसाठी थोडेसे. मार्गशीर्षातली अमावस्या म्हणजे आमची वेळ अमावस्या. सीमेपलीकडच्या कानडी मुलखातही ती आहे, तिथे तिला एळ्ळ अमावस्या म्हणतात. येळवस हा त्याचाच आमच्या जिभेवरचा अवतार असावा. या दिवशी लातूर जिल्ह्यात स्थानिक सुटी असते. औशाच्या काय किंवा लातूरच्या काय, बाजारपेठेत दुपारी कुत्रेसुद्धा दिसत नाही. सगळे गाव शिवारात. कडब्याची कोप करायची, तिच्यात पाच पांडव मांडून पूजा करायची आणि मग जेवण. ओल्या तुरीचे, हरभऱ्याचे, वालाचे दाणे, मेथी, चुका, पातीचा कांदा असे बरेच काही डाळीच्या पिठात शिजवलेली भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर आणि मडकेभर आंबील. ज्याला शेत नाही त्याला शेतवाल्याने बोलवायचे, बांधावरून जाणाऱ्याला हाक मारून बसवायचे. विलायतेत थॉमस होल्डिंग नावाच्या गृहस्थाने १९०१ साली तंबूत राहणाऱ्यांचा संघ काढला आणि तेव्हापासून हौशी कॅम्पिंगची चाल पडली म्हणतात. आमच्याकडे वर्षाची पोरे त्याच्या कितीतरी आधीपासून बाभळीच्या झोळीत झोपत आली आहेत. फक्त त्याला कोणी हौस म्हणत नव्हते.

२०२४ ची येळवस ३० डिसेंबरला, सोमवारी आली. त्याआधीचे दोन दिवस सूनबाई यादी करत होती. बालरोगतज्ज्ञांना तिने फोनवर इतके प्रश्न विचारले की आमच्या बँकेच्या ऑडिटरलाही सुचले नसते. उत्तरे मात्र साधी होती. एकच जाड कपडा घालू नका, पातळ कपड्यांचे दोन-तीन थर घाला, म्हणजे दुपारी काढता येतात नि रात्री चढवता येतात. डोके आणि पावले झाकलेली हवीत, कारण लहान मुलाच्या अंगातली ऊब मोठ्यांपेक्षा लवकर निघून जाते. ओला कपडा एक मिनिटही अंगावर ठेवू नका. पाणी उकळून गार केलेलेच. आणि हुरडा, शेंगदाणे, सोलाण्याचे आख्खे दाणे अजिबात नाही. दाढा नसलेल्या मुलाच्या घशात दाणा अडकायला वेळ लागत नाही. हे शेवटचे ऐकून मी वरमलो. नातीला मांडीवर घेऊन पहिला हुरडा भरवण्याचे चित्र मी मनात केव्हाच रंगवून ठेवले होते.

शेतात पोचल्यावर तंबूचा पहिला गुण कळला. अकराच्या उन्हात चिरंजीवांनी तो मोकळ्यावर उभा केला आणि बाराला आत हात घातला तर भट्टी. नायलॉनच्या तंबूत दुपारी मूल झोपवायचे नसते. मग हिने काही न बोलता जुन्या लुगड्याची झोळी लिंबाला बांधली. नात दोन तास झोपली. उठली ती थेट मातीत. काळ्या मातीचा एक खडा तोंडात, दुसरा हातात. सून धावली, तिच्यामागे मी धावलो. ही म्हणाली, "औशाची माती हाय, खाऊ द्या थोडी." खडा काढला तो काढलाच, पण दिवसभरात ती तेवढे एकच हसून बोलली.

आमच्या शेताला लागून शेजाऱ्याचा ऊस आहे. तिथे तोडणीची टोळी उतरली होती. बांधापलीकडे दहा-बारा कोप्या. बांबू, पाचट आणि वरून प्लॅस्टिक. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून आधीच घेतलेली उचल, आणि ती फिटेपर्यंत चार-पाच महिने हा संसार. येळवशीला त्यांना बोलवायची आमच्याकडे रीत आहे. सूनबाई आंबिलीचा तांब्या नि भज्जीचे भांडे घेऊन गेली ती बराच वेळ आली नाही, म्हणून पाहायला गेलो. एका कोपीच्या तोंडाशी ती बसली होती. समोरच्या बाईच्या मांडीवर आमच्या नातीएवढेच पोरगे. सून विचारत होती, "रात्री याला थंडी वाजत नाही?"

"वाजतीया की. काय करावं बाई? डोईला टोपरं, पायात मोजे अन् माझ्या पोटाशी. तीनला उठून फडात जायचं, मग त्याच्या बहिणीपाशी टाकते."

"बहीण केवढी आहे?"

"सात वर्सांची."

सून गप्प झाली. बाईला काही त्याचे विशेष वाटले नाही. तिला आमच्या निळ्या तंबूचे कुतूहल होते. केवढ्याला आणला, विचारले. सूनबाईने निम्मी किंमत सांगितली. मी ऐकले, पण दुरुस्ती केली नाही.

संध्याकाळी दूध उतू घालून झाले, पोरांनी कडब्याचे चूड पेटवून पिकाभोवती पळवले, नात त्या जाळाकडे डोळे मोठे करून बघत राहिली. मग बैलगाड्या, ट्रॅक्टर, मोटारसायकली गावाकडे निघाल्या. चिरंजीव म्हणाले, "आई-बाबा, आता तुम्ही निघा." मी निघालो होतो. ही बसूनच राहिली. "लेकरू इथं तर मी इथं," म्हणाली. ती परत नेण्याचा हट्ट धरील असे मला वाटले होते. तिने तो धरला नाही, पण उठलीही नाही. मग मीही आखाड्यावरची बाज ओढून तंबूपासून दहा पावलांवर टाकली. नाहीतरी अमावस्येच्या रात्री विंचूकाट्याच्या शिवारात या पुणेकरांना एकटे सोडणे मला अवघडच वाटत होते. चपला झटकल्याशिवाय घालायच्या नाहीत नि तंबूची साखळी उघडी टाकायची नाही, हे मी तीनदा बजावले.

रात्री एकच्या सुमारास नात रडायला लागली. थंडी आत येऊ नये म्हणून चिरंजीवांनी तंबूच्या सगळ्या खिडक्या बंद केल्या होत्या. चौघांच्या श्वासाची वाफ कापडाला आतून धरली, तिचे थेंब झाले आणि त्यातला एक पोरीच्या गालावर पडला. दुलई ओलसर लागत होती. चिरंजीव बाहेर आले, शेकोटीतले निखारे पाटीत भरले आणि पाटी घेऊन आत निघाले. मी बाजेवरून असा ओरडलो की पलीकडच्या कोपीतला माणूस जागा झाला. बंद जागेत निखारे ठेवले की कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला ना रंग ना वास, झोपलेला माणूस उठतच नाही. पोरगा इंजिनिअर आहे, त्याला हे शिकवलेले आहे. पण लेक थंडीने रडत असली की शिकलेले आठवत नाही.

हिने मात्र खिडक्या उघडल्या. "वारं खेळू द्या. पाणी वाऱ्यानंच वाळतं." नातीचा ओला झबला बदलला, कोरडे दोन चढवले, टोपरे बांधले आणि घरून आणलेल्या वाकळीत तिला घेऊन बसली. पाच मिनिटांत रडे थांबले. सून म्हणाली, "आई, तुम्हाला हे सगळं कसं माहीत?"

कापडापलीकडून मला सगळे ऐकू येत होते.

"ह्याला घेऊन झोपले होते की मी. दीड महिना."

चिरंजीवांना भूकंप माहीत आहे. या भागातल्या कोणाला माहीत नाही? ३० सप्टेंबर १९९३, पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटे. किल्लारी आमच्याच औसा तालुक्यातले. गणपती बोळवून माणसे झोपली होती. दगडमातीच्या रुंद भिंती आणि वर मातीचे जड माळवद. ते जागच्या जागी बसले. सुमारे दहा हजार माणसे गेली, पुढे बावन्न गावे नव्या जागी वसवावी लागली. औशाला त्या मानाने काही झाले नाही, असे आम्ही सांगतो. आमच्या घराच्या भिंतीला हात जाईल एवढी भेग पडली होती. धक्के थांबत नव्हते, घरात जायची कोणाची छाती नव्हती, आणि त्यात पाऊस लागला. घराजवळच्या शाळेच्या मैदानात दोन बांबू, एक ताडपत्री, आणि तिच्याखाली ही नि तेरा महिन्यांचा हा.

त्याला किती महिने झाले होते ते मी तोवर कधी मोजले नव्हते. बाजेवर पडल्या पडल्या मोजले.

"आठव्या दिवशी ह्याची छाती भरली," ती सांगत होती. "न्यूमोनिया. पावसात खांद्यावर टाकून दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, उशीर केला असता तर... तवापासून मी ठरवलं, लेकरू घेऊन उघड्यावर रात्र काढायची नाही. येळवशीलाबी दिवस बुडायच्या आत परत."

"आई, हे तू मला कधी बोलली नाहीस," चिरंजीव म्हणाले.

"काय बोलायचं? तू वाचलास."

"आणि बाबा?"

इथे ती थांबली. मी उठून बसलो होतो. त्या दिवसांत माझी नेमणूक एका पडलेल्या गावात, पत्र्याच्या शेडमध्ये होती. मदतीचे धनादेश वटावेत म्हणून लोकांची खाती उघडायची. अर्जावर पत्त्याचा रकाना असे. "पत्ता कोणता सांगू, साहेब?" असे विचारणाऱ्या माणसाला काय सांगावे हे आमच्या नियमपुस्तकात नव्हते. मी रात्री तिथेच राहात होतो. निरोप पाठवला असेल, मिळाला नसेल. पोर बरे होऊन परत ताडपत्रीखाली आल्यावर मला कळले. पुढे मी कादंबऱ्या लिहिल्या, त्यांत भूकंपही आला, तो पत्त्याचा रकानाही आला. पोराला खांद्यावर टाकून पावसात धावणारी बाई मात्र कुठेच आली नाही. मला त्या धावण्यातले काही माहीतच नव्हते, आणि एकतीस वर्षांत मी विचारलेही नव्हते.

"बाबा कामावर होते," ती म्हणाली. "लोकाची लेकरं मेली होती. त्यांचं काम करत होते." एवढे बोलून तिने वाकळ सारखी केली असावी, कापड सरकल्याचा आवाज आला.

मला झोप लागली नाही. तशीही चारच्या सुमारास आम्हा दोघांना जाग येते, ती त्या रात्रीपासूनचीच. उसाच्या फडाकडे विजेऱ्या हलू लागल्या होत्या, कोयत्यांचा आवाज सुरू झाला होता. तंबूतून तिने हळूच विचारले, "किती वाजले?"

"सव्वाचार."

"बरं," म्हणाली. मग काही वेळाने तिचे घोरणे ऐकू आले. ते मी घरातही पहाटेचे फारसे ऐकलेले नाही.

सकाळी सात वर्षांची एक मुलगी कडेवर भाऊ घेऊन आमचा तांब्या द्यायला आली. रिकामे भांडे परत देऊ नये म्हणून आईने त्यात गुळाचा खडा घालून दिला होता. सूनबाईने घरचे दोन जास्तीचे टोपरे आणि मोज्यांचे तीन जोड तिला दिले, आणि मग बराच वेळ त्या पोरीच्या केसांची वेणी घालत बसली. दोन्ही पोरे तंबूच्या तोंडाशी एकमेकांच्या नाकात बोटे घालत होती.

निघताना तंबू काही केल्या पिशवीत मावेना. चिरंजीवांनी गुंडाळला, मी गुंडाळला, दोघांनी मिळून त्यावर गुडघे टेकले. हवा निघत होती, पण काही ना काही बाहेर राहतच होते. ही शेवटी झोळीचे लुगडे सोडून आली आणि त्यात तो सगळा कोंबून तिने गाठोडे बांधले. "पुण्याला नेऊ नका," म्हणाली. "आमच्याच माळ्यावर राहू द्या. अन् पुढच्या वेळी खिडक्या उघड्या ठेवा."